ब्रेडबोर्ड की सिम्युलेटर: सर्किट आधी कुठे शिकावं?

इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला हा प्रश्न पडतोच. माझं मत आधीच सांगते: ब्रेडबोर्ड, म्हणजे सोल्डरिंग न करता खरे पार्ट्स खोचून सर्किट जोडायचा बोर्ड; कॉम्प्युटरवर सर्किट चालवून दाखवणारा सिम्युलेटर नंतर.

७४१ या ऑप-अँपचंच, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचंच बघा. सिम्युलेटरमध्ये आदर्श ऑप-अँप घेतला, तर २० किलोहर्ट्झची साइन वेव्ह कितीही मोठी करा, गुळगुळीतच राहते. तेच सर्किट ब्रेडबोर्डवर, ±१५ व्होल्टच्या सप्लायवर जोडा. आउटपुट १० व्होल्ट पीकपर्यंत न्यायला गेलात की ऑसिलोस्कोपवर साइनचा चक्क त्रिकोण होतो! या वेव्हला मायक्रोसेकंदाला सुमारे १.२६ व्होल्टचा वेग लागतो आणि ७४१ देतो जेमतेम ०.५. आउटपुट बदलण्याचा हा कमाल वेग म्हणजे स्लू रेट. त्याची व्याख्या पाठ सगळ्यांचीच असते, पण ती डोक्यात बसते तो त्रिकोण बघूनच.

सिम्युलेटरचीही बाजू भक्कम आहे. १९७३ साली बर्कलीच्या विद्यापीठातून स्पाइस हा सर्किट सिम्युलेशनचा प्रोग्रॅम आला, आणि आज चिप डिझाइन त्याच पद्धतीच्या सिम्युलेशनशिवाय होत नाही. रेझिस्टरची व्हॅल्यू शंभरदा बदला, काही जळत नाही. शिवाय फ्रिक्वेन्सी बरीच मेगाहर्ट्झ वर गेली की ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या ओळींमधली काही पिकोफॅरडची कपॅसिटन्सच घोळ घालते. तिथे मात्र मी आधी सिम्युलेटरच उघडते.