जिनिंगसाठी कुठला फेस: फ्लोरिनचा की बिनफ्लोरिनचा?

जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, आग विझवायला कुठला फेस ठेवावा? पेट्रोलच्या आगीवर एएफएफएफ हा फ्लोरिनचा जुना फेस भारी पडतो, यात वाद नाही. त्यातले फ्लोरिनयुक्त सर्फॅक्टंट (पाणी सहज पसरवणारी, साबणासारखी रसायनं) पाण्याचा पृष्ठताण इतका उतरवतात की पाण्याचा पातळ पापुद्रा पेट्रोलवरही पसरतो आणि वाफ कोंडते. बिनफ्लोरिनच्या फेसाची सगळी भिस्त बुडबुड्यांच्या जाड थरावर. थर फाटला की आग परत डोकं काढते, म्हणून तो सढळ हाताने मारावा लागतो.

पण हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगात पेट्रोल कुठे जळतं? जळते रुई. गाठ वरून विझलेली दिसते, आत धुमसतच असते. तिथे पापुद्रा काय कामाचा! पाणी आत मुरायला हवं, आणि कच्च्या रुईच्या तंतूवरचं मेण ते मुरू देत नाही. हे काम साबणाच्या जातीचे साधे हायड्रोकार्बन सर्फॅक्टंट चोख करतात. फ्लोरिनचे पैसे वायाच.

फेस मुरून विहिरीच्या पाण्यात उतरण्याचं म्हणाल तर तुलनाच नको. कार्बन-फ्लोरिनचा बंध निसर्गात जवळपास तुटतच नाही. पीएफओएस आणि पीएफओए ही अशीच फ्लोरिनची रसायनं; पहिलं २००९ साली आणि दुसरं २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न कुजणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं, ते उगाच नाही. बिनफ्लोरिनचा फेसही अमृत नव्हे, तळ्यात गेला तर मासे मरू शकतात. पण तो कुजून जातो.

डिझेलची टाकी आवारात असेल तर तेलाच्या आगीवर तपासलेला बिनफ्लोरिनचा फेस वेगळा ठेवा. आणि एएफएफएफच्या जुन्या टाकीत नवा फेस तसाच ओतू नका, तळाशी उरलेलं फ्लोरिन त्यात उतरतं.