डूम 3: मूळ आवृत्ती घ्यावी की बीएफजी एडिशन?

'डूम 3' हा अंधाऱ्या बोळांतला भयपट-छाप गोळीबाराचा संगणक-खेळ खेळायचं ठरवलं की पहिला प्रश्न आवृत्तीचा येतो. ऑगस्ट 2004 मध्ये आलेला मूळ खेळ घ्यायचा, की इड सॉफ्टवेअरनेच डागडुजी करून 2012 मध्ये काढलेली बीएफजी एडिशन? मंगळावरचा तळ तोच, राक्षस तेच, कथाही तीच. तरी दोन्हींत वाटणारी भीती एकसारखी नाही, आणि फरकाचं मूळ टॉर्चमध्ये आहे.

मूळ खेळात टॉर्च हे बंदुकीसारखंच वेगळं हत्यार आहे. टॉर्च हातात घेतली की बंदूक खाली, बंदूक उचलली की अंधार. यावरून 2004 मध्ये मोठा गदारोळ झाला. खेळ घडतो 2145 साली, आणि तेव्हाच्या सैनिकाला बंदुकीला टॉर्च बांधता येऊ नये, हा खेळाडूंचा आक्षेप बिनतोड होता. खेळ बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत 'डक्ट टेप' नावाचा मॉड (खेळाडूंनीच बनवलेला बदल) आला आणि त्याने मशीनगन व शॉटगनला टॉर्च चिकटवून दिली. बीएफजी एडिशनने आठ वर्षांनी ही तक्रार अधिकृतपणे मान्य केली. तिथे टॉर्च चिलखतावर बसवलेली आहे, कुठल्याही हत्यारासोबत चालते आणि चार्ज साधारण 30 सेकंद पुरतो. बंद ठेवली की तीनेक सेकंदांत पुन्हा भरते.

कागदावर ही सुधारणाच आहे. पण माझ्या मते बीएफजीचं सगळ्यात खटकणारं अंग हेच, आणि माझा कौल इथेच ठरतो.

एक म्हणजे या टॉर्चच्या उजेडात सावल्या पडत नाहीत. या इंजिनाचा सगळा जीव हलत्या, धारदार सावल्यांत आहे. मूळ खेळात टॉर्च हातात, म्हणजे डोळ्यापासून जराशी बाजूला असते. त्यामुळे कठड्याच्या गजांच्या सावल्या भिंतीवरून सरकत जातात, पाइपामागचा कोपरा काळा होतो आणि तिथे काही हललं का, हे बघायला पाऊल थबकतं. बीएफजीमध्ये तोच कोपरा सपाट उजळतो. इम्प हा राक्षस दिसतो, पण छापील चित्रासारखा. दुसरं, 30 सेकंदांच्या हिशेबामुळे लक्ष वाटेवरून चार्जच्या पट्टीकडे जातं. थोड्याच वेळात बोटाला सवय लागते, टॉर्च संपायच्या आत बंद करायची, तीन मोजायचे, पुन्हा लावायची. हे भीतीचं काम राहत नाही, कारकुनी होते. त्यात बीएफजीमध्ये काही खोल्या मुळातच अधिक उजळ केल्या आहेत आणि गोळ्याही सढळ हाताने ठेवल्या आहेत. मूळ खेळ मरीन या मधल्या अवघडपणाच्या पातळीवर जेवढा दम काढतो, तेवढा हवा असेल तर बीएफजी थेट तिच्या वरच्या व्हेटरन पातळीवर सुरू करावी.

तरीही बीएफजीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. गेमपॅडवर ती सरळ चालते, रुंद पडद्यावर काही खटपट न करता नीट दिसते आणि 120 हर्ट्झच्या मॉनिटरवर चित्र जास्त सफाईदार हलतं. मूळ खेळ सेकंदाला 60 फ्रेमच्या चौकटीत बांधलेला आहे. बीएफजीत अधूनमधून आपोआप सेव्ह होतं. मूळ खेळात लेव्हलच्या सुरुवातीनंतर एफ5 दाबायची जबाबदारी तुमची, आणि ती विसरली की अर्धा तास पाण्यात. शिवाय एकाच पैशांत 'रिझरेक्शन ऑफ इव्हल' ही पुरवणी, लेव्हलांची नवी 'लॉस्ट मिशन' आणि पहिले दोन्ही डूम मिळतात. सोफ्यावर बसून एकदाच खेळून मोकळं व्हायचं असेल, तर बीएफजी घेतल्याचा पश्चात्ताप होईल असं वाटत नाही.

त्यातल्या जुन्या डूमवर मात्र विसंबू नये. 'डूम 2' च्या 31 आणि 32 या गुप्त लेव्हलमधून नाझी चिन्हं काढली आहेत, एसएस सैनिकांच्या जागी साधे झोंबी आले आहेत आणि औषधपेटीवरचा लाल क्रॉस जाऊन तिथे गोळीचं चित्र आलं आहे. जुने मॉड मूळ डेटा गृहीत धरून बनवलेले असल्याने या बदललेल्या फाइलींवर काही ठिकाणी अडतात.

मूळ आवृत्ती घेतलीत तर ती आहे तशी चालवू नका. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये खेळाचा सोर्स कोड खुला झाला आणि त्यावर उभं राहिलेलं डीएचईडब्ल्यूएम3 हे पोर्ट (आजच्या संगणकांसाठी सुधारलेली खेळाची आवृत्ती) आज सगळ्यात भरवशाचं आहे. ते वेगळ्या फोल्डरमध्ये उघडायचं आणि मूळ खेळाच्या 'बेस' फोल्डरमधल्या पॅक000 ते पॅक008 या नऊ फाइली त्याच्या 'बेस'मध्ये टाकायच्या. 'रिझरेक्शन ऑफ इव्हल' असेल तर 'डी3एक्सपी' फोल्डरात पॅक000 आणि पॅक001. नऊपेक्षा कमी फाइली दिसल्या तर खेळ 1.3.1 पर्यंत पॅच झालेला नाही, बहुधा जुन्या सीडीवरचा आहे. आधी पॅच करा, मगच फाइली हलवा. बीएफजीच्या फाइलींची बांधणीच वेगळी असल्याने त्या इथे चालत नाहीत, आणि बहुतेकांची पहिली चूक हीच होते.

खेळ सुरू झाला की एफ10 दाबून सेटिंग्ज उघडतात. मेनू आणि पीडीए (खेळातलं हातातलं छोटं संगणक-यंत्र) आडवे ताणलेले दिसत असतील तर त्यांना 4:3 मध्ये ठेवण्याचा पर्याय आहे. चित्र फारच काळं वाटलं तर ब्राइटनेसला हात न लावता गॅमा 1 वरून 1.2 पर्यंत न्यावा. ब्राइटनेस वाढवला की उजळ भाग फाटतात. ईएएक्स रिव्हर्ब, म्हणजे जागेनुसार आवाज घुमवणारी सोय, चालू करायला विसरू नका. त्यामागेही एक वाद आहे. सावल्या रेखाटण्याच्या ज्या युक्तीला 'कार्मॅक्स रिव्हर्स' म्हणतात, तिच्यावर साउंड कार्ड बनवणाऱ्या क्रिएटिव्ह कंपनीने पेटंटचा दावा सांगितला होता. तडजोड म्हणून इडने त्यांच्या ईएएक्स आवाजाला खेळात जागा दिली. 2011 मध्ये कोड खुला करतानाही तेवढा तुकडा इडचे मुख्य प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांना नव्याने लिहावा लागला. वाद कसाही असो, लोखंडी बोळात घुमणारा आवाज अंधारात फार उपयोगी पडतो.

मॉड निवडताना एक बघा. फक्त स्क्रिप्ट किंवा टेक्स्चर बदलणारे मॉड डीएचईडब्ल्यूएम3 वर सहसा चालतात, पण ज्यांची स्वतःची डीएलएल (प्रोग्रामचा कोड असलेली फाइल) आहे ते त्या पोर्टसाठी नव्याने बांधलेले असतील तरच. 'लॉस्ट मिशन' मूळ खेळासाठी 'डी3एलई' नावाने असं आणलेलं आहे, त्यामुळे बीएफजीचं ते आकर्षणही थोडं कमी होतं. बीएफजीच पसंत पडली तर तिच्यासाठीचं आरबीडूम-3-बीएफजी हे पोर्ट लावावं. त्यात सावल्यांच्या कडा मऊ होतात.

आणि हातातल्या टॉर्चचा वैताग? तो पद्धत बसली की बराच कमी होतो. दारातूनच खोलीवर उजेड फिरवा, कोपरे आणि गोळ्या लक्षात ठेवा, मग एफ पुन्हा दाबा म्हणजे आधीचं हत्यार हातात येतं. शॉटगनमध्ये आठ काडतुसं असतात. दार उघडण्याआधीच ती भरून घ्या, कारण भरायला वेळ लागतो. तिचे छर्रे लवकर फाकतात, म्हणून इम्पला दोन पावलांवर येऊ द्या. खोलीत शिरल्यावर पाठ भिंतीला लावा. मागून उगवणारे राक्षस हा या खेळाचा जुनाच डाव आहे. डक्ट टेप मॉड मात्र निदान पहिल्या वेळी लावू नका.