ट्रायकोकार्ड: कीटक अस्सल, लेबल अपुरं

अळीचा बंदोबस्त अंड्यातच व्हावा असं वाटत असेल तर ट्रायकोकार्ड जरूर वापरा. कार्डावर तांदळाच्या पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत ट्रायकोग्रामा वाढत असतो. हा गांधीलमाशीच्या गणातला कीटक, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कार्डातून बाहेर पडला की त्याची मादी शेतातल्या किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते, म्हणून त्यातून किडीची अळी निघतच नाही.

मला मिळालेल्या कार्डावरची बहुतेक अंडी काळीभोर होती, म्हणजे माल चांगला. आतली ट्रायकोग्रामाची अळी पुरेशी वाढली की ती ज्यात वाढते ते पतंगाचं अंडं काळं पडतं. जी पांढुरकी राहतात ती वाया गेलेली. कीटक बाहेर येताना अंड्याला गोल भोक पाडतो, आणि भिंगातून आधी नजरेत भरतात ते त्याचे लाल डोळे. मादीचं काम तर बघत राहावं असं. ती सापडलेल्या अंड्यावर मिशा आपटत चकरा मारते, आकार जोखते आणि त्या मापाने आत किती अंडी घालायची ते ठरवते. फलित अंड्यातून मादी होते, अफलितातून नर. इतक्या बारीक जिवाला हा हिशेब जमतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

तक्रार लेबलाची आहे. त्यावर नुसतं 'ट्रायकोग्रामा' छापलंय. या नावाखाली २०० हून अधिक जाती येतात! उसाच्या खोडकिडीसाठी चिलोनिस ही जात सोडतात, भाताच्या खोडकिडीसाठी जॅपोनिकम, आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखेच. रंगावर विसंबावं तर तो तापमानानुसार बदलतो. नराच्या जननेंद्रियाची रचना ही ओळखीची खात्रीची खूण आहे, हे कीटकशास्त्रज्ञ सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं. ती तपासणी शेतकऱ्याने कुठे करायची? जातीचं नाव आणि कीटक बाहेर पडण्याची तारीख पुरवठादारानेच छापायला हवी.

शेतात किडीचे पतंग अंडी घालू लागले की लगेच कार्ड लावा. अळ्या खोडात शिरल्यावर याचा उपयोग नाही. कीटक फार लांब उडत नाही, म्हणून मी पट्ट्या कापून शेतभर पानांच्या खालच्या बाजूला टाचते. मुंग्या अंडी पळवतात, तेव्हा मुंग्यांची रांग असलेलं झाड टाळा. त्या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी नको.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा लेबलाचा.