व्हीएस कोड पेट्स: एडिटरमधलं मांजर नीट पाळायचं तर

कोड लिहिताना पडद्याच्या कोपऱ्यात एखादं मांजर इकडून तिकडे फिरत असावं, एवढीच अपेक्षा असेल तर व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड एडिटरसाठीचं व्हीएस कोड पेट्स हे एक्स्टेंशन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, डोळे झाकून बसवावं. ते फुकट आहे. अँथनी शॉ यांच्या या प्रकल्पाचा सगळा सोर्स कोड एमआयटी या मुक्त परवान्याखाली गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर उघडा आहे, आणि त्यातले बरेचसे प्राणी वेगवेगळ्या लोकांनी हौसेने काढून दिलेले आहेत.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते काहीही मागत नाही. यातल्या प्राण्यांना भूक लागत नाही, ते आजारी पडत नाहीत, आवाज करत नाहीत, ‘आज तू कमी कोड लिहिलास’ असं सुनावत नाहीत. बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) फुटला काय किंवा सगळ्या टेस्ट पास झाल्या काय, मांजराला त्याचा पत्ता नसतो. काहींना ही उणीव वाटते. प्राण्याने कोडला प्रतिसाद द्यावा असं त्यांचं म्हणणं. पण दिवसातले आठ तास समोर राहणारी गोष्ट प्रत्येक एररला नाचायला लागली तर आठवड्यात नकोशी होते. सोबत हवी असेल तर ती अशीच अलिप्त असलेली बरी.

बसवायला फार काही लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स दाबून एक्स्टेंशनची यादी उघडा, ‘व्हीएसकोड-पेट्स’ शोधा आणि प्रकाशकाचं नाव ‘टोनीबलोनी’ आहे ना, हे बघूनच इन्स्टॉल करा. मिळत्याजुळत्या नावांची एक्स्टेंशन्स शोधात येतात, म्हणून ही खबरदारी. मग कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून कमांड पॅलेट उघडा आणि ‘स्टार्ट पेट कोडिंग सेशन’ ही कमांड द्या. कंपनीच्या लॅपटॉपवर इन्स्टॉलचं बटणच चालत नसेल तर बहुधा आयटी विभागाने परवानगी असलेल्या एक्स्टेंशन्सची यादी ठरवून दिलेली असते. तिथे आडवाटा शोधण्यात अर्थ नाही, रीतसर मागणी करावी. तोवर घरच्या मशिनवर ब्राउझरमधल्या व्हीएस कोडमध्येही हे प्राणी चालतात.

खरा प्रश्न आहे तो प्राण्याला जागा कुठे द्यायची हा. बहुतेक लोक दोन दिवसांत कंटाळून एक्स्टेंशन काढून टाकतात ते इथेच चुकल्यामुळे. सेटिंगमध्ये ‘पोझिशन’ला दोन पर्याय आहेत, ‘पॅनल’ आणि ‘एक्सप्लोरर’. यातला ‘पॅनल’ म्हणजे टर्मिनल असतं ते खालचं पॅनल नव्हे. तो निवडला की प्राणी फाइलसारख्या टॅबमध्ये, एडिटरच्या शेजारच्या उभ्या भागात उघडतात. चौदा इंची लॅपटॉपवर त्यात कोडची निम्मी रुंदी जाते. शिवाय प्राण्यांवर क्लिक केल्यावर डावीकडून एखादी फाइल उघडली की ती थेट त्यांच्याच गटात उघडते आणि प्राणी तिच्यामागे झाकले जातात. हाच पर्याय हवा असेल तर कमांड पॅलेटमधून ‘लॉक एडिटर ग्रुप’ देऊन तो गट कुलूपबंद करा, म्हणजे नव्या फाइल दुसऱ्या गटात जातील. झेन मोड वापरणाऱ्यांना मात्र हाच पर्याय सोयीचा, कारण झेन मोडमध्ये साइडबार आणि खालचं पॅनल दोन्ही लपतात, एडिटरचे टॅब राहतात.

‘एक्सप्लोरर’ निवडलं तर प्राणी फाइलींच्या झाडाखाली, आउटलाइन आणि टाइमलाइनच्या शेजारी येतात. तिथे जागा इतकी चिंचोळी असते की कुत्रा चार पावलं टाकून परत फिरतो, आणि मोठा प्रकल्प उघडला की फोल्डरांच्या रेट्यात तो भाग आणखी दबतो. पण इथूनच सर्वांत चांगली मांडणी करता येते. त्या भागाचं शीर्षक माउसने पकडून खाली टर्मिनलच्या पॅनलमध्ये नेऊन सोडा. आता प्राण्यांना खिडकीच्या रुंदीची लांबलचक पट्टी मिळते आणि कोडची रुंदी शाबूत राहते. टर्मिनल सतत लागत असेल तर तोच भाग उजवीकडच्या दुय्यम साइडबारमध्ये न्या. तो कंट्रोल, ऑल्ट आणि बी दाबून लपवता किंवा उघडता येतो. ओढाओढीत सगळा पसारा झाला तर ‘रिसेट व्ह्यू लोकेशन्स’ ही कमांड सगळं मूळ जागी आणते.

पट्टीची उंची किती ठेवावी हे मांजर ठरवतं. मांजर डावीकडे चालत कडेपर्यंत पोचलं की कधी कधी भिंतीवर चढतं, वर थोडा वेळ लटकून राहतं, मग उडी मारून जमिनीवर उतरतं. हे फक्त डाव्या भिंतीवर घडतं, उजवीकडे नाही. ही चढाई सुमारे १०० पिक्सेलपर्यंत जाते, त्यामुळे पट्टी त्याहून बुटकी असेल तर मांजर वरच्या कडेतून दिसेनासं होतं आणि काही क्षणांनी वरून टपकतं. लोक याला बग समजतात. पट्टी १५० पिक्सेलच्या आसपास उंच ठेवली की लटकलेलं मांजर पूर्ण दिसतं. थीम, म्हणजे प्राण्यांमागचा देखावा, लावली असेल तर जमीन थोडी वर येते, तेव्हा आणखी थोडी उंची द्या.

आकार चार आहेत: नॅनो, स्मॉल, मीडियम आणि लार्ज. प्राण्याची रुंदी अनुक्रमे ३०, ४०, ५५ आणि ११० पिक्सेल. लॅपटॉपच्या पडद्यावर स्मॉल योग्य. नॅनो फोर-के मॉनिटरवर स्केलिंग न करता वापरला तर ठिपक्याएवढा दिसतो. लार्ज मात्र टाळाच. तेवढा मोठा प्राणी हलला की नजर दर वेळी तिकडे जाते, आणि मग सोबतीचा अडथळा होतो. थीममध्ये जंगल, किल्ला, समुद्रकिनारा वगैरे देखावे मिळतात. ते एडिटरच्या फिकट किंवा गडद रंगसंगतीप्रमाणे बदलतात, हे काम नेटकं केलेलं आहे. हिवाळ्याच्या देखाव्यात पडणारा बर्फ सुंदर आहे, पण लक्ष वेधतो. परिणाम बंद करण्याचं वेगळं सेटिंग आहे, ते वापरावं. रोजच्या कामाला ‘नन’, म्हणजे मोकळी पार्श्वभूमी, सर्वांत बरी.

प्राण्यांची यादी मोठी आहे: कुत्रा, कोल्हा, खेकडा, साप, कासव, पांडा, कोंबडी, गोगलगाय, आणि ज्यांना नुसतं स्थिर काहीतरी हवं त्यांच्यासाठी रॉकी नावाचा दगड. रबरी बदकही आहे. अडलेला बग बदकाला ओळीओळीने समजावून सांगण्याची जुनी पद्धत वापरणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं, कारण समोर काहीतरी असलं की माणूस पायऱ्या गाळत नाही. प्रत्येक प्राण्याचे रंग ठरलेले आहेत. निवडलेला रंग त्या प्राण्यात नसेल तर एक्स्टेंशन गुपचूप त्याचा मूळ रंग लावतं. सेटिंग बदलूनही रंग बदलला नाही, या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

‘स्पॉन अॅडिशनल पेट’ने आणखी प्राणी आणता येतात आणि त्यांना नावंही देता येतात. नाव देवनागरीत लिहिलं तरी चालतं; मनी, मोत्या, वाघ्या, हवं ते ठेवा. दोन प्राणी एकमेकांवर आले की त्यांची मैत्री होते, वर लाल बदाम उमटतो आणि मग ते एकमेकांमागे पळतात. माउसचा बाण प्राण्यावर नेला की तो थबकून हात हलवतो. चेंडू टाकला की धावणारे सगळे त्यामागे सुटतात आणि ज्याला मिळतो तो चेंडू घेऊन बसतो. चेंडू माउसने भिरकावण्याचं सेटिंगही आहे. दोन ते तीन प्राणी पुरेत. सात-आठ झाले की पट्टीत नुसती गर्दी दिसते, आणि ‘रोल कॉल’ म्हणजे हजेरी घेतली तर प्रत्येकाची वेगळी सूचना उजव्या कोपऱ्यात येऊन रचली जाते.

एक खटकणारी गोष्ट रोजच्या कामात वारंवार आडवी येते. प्राण्यांच्या भागात क्लिक केलं की कीबोर्डचा ताबा तिकडे जातो. मग तुम्ही टाइप करता आणि फाइलमध्ये एक अक्षरही उमटत नाही. कंट्रोल आणि १ दाबलं की कर्सर पहिल्या एडिटर गटात परत येतो. हा शॉर्टकट हाताला बसवून घ्या.

मशिनवर भार किती पडतो? प्राणी वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे एडिटरच्या आतल्या छोट्या ब्राउझर पानावर चालतात. चित्रं सेकंदाला आठ फ्रेमच्या जिफ फाइली आहेत. कंपायलर किंवा लँग्वेज सर्व्हर (कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवणारा प्रोग्रॅम) यांच्यापुढे हा भार किरकोळ आहे, पण शून्य नाही, कारण पडद्याचा तो भाग सतत नव्याने रंगवावा लागतो. शंका असेल तर हेल्प मेन्यूतून प्रोसेस एक्सप्लोरर उघडून आकडे स्वतः पाहा. बॅटरीवर काम करताना तो भाग घडी करून ठेवावा. प्राणी काढून टाकायची गरज नाही.

या जातीचे जुने प्रोग्रॅम पाहिले की व्हीएस कोड पेट्सचा संयम उठून दिसतो. लिनक्सवरचं ‘ओनेको’ हे माउसच्या बाणामागे धावणारं मांजर १९९० च्या सुमारापासून आहे आणि अजूनही डेबियन, उबुंटूवर एका कमांडने बसतं. मजेदार आहे, पण कर्सर जिथे तिथे मांजर, त्यामुळे वाचत असलेल्या ओळीवरच येऊन बसतं. शिवाय वेलँड या लिनक्सच्या नव्या डिस्प्ले प्रणालीवर त्याला बाणाची जागा नीट कळत नाही, तिथे ते मध्येच रुसल्यासारखं थांबतं. जपानी ‘शिमेजी’ ही छोटी पात्रं खिडक्यांच्या कडांवर चढतात, खिडक्या ढकलतात आणि त्यांना जावा लागते. आणि बॉन्झी बडी हा जांभळा गोरिला, त्याची तर वेगळीच कथा: जाहिरातींचा मारा करणारा म्हणून तो कुप्रसिद्ध झाला, आणि मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा केल्याबद्दल २००४ मध्ये त्याच्या कंपनीला अमेरिकेत ७५,००० डॉलर भरावे लागले. म्हणूनच डेस्कटॉपवर फिरणारा कुठलाही प्राणी बसवताना त्याचा सोर्स कोड उघडा आहे का, हे आधी बघावं. ऑफिस ९७ मधली, सारख्या सूचना करणारी ती पेपर क्लिपही व्हीएस कोड पेट्सच्या यादीत आहे. इथे ती काही सुचवत नाही, नुसती फिरते.

एक्स्टेंशन काढून टाकलं तरी सेटिंगच्या फाइलमधल्या त्याच्या ओळी तशाच राहतात आणि फिकट होऊन ‘अनोळखी सेटिंग’ म्हणून दिसतात. त्यांनी काही बिघडत नाही, पण हाताने पुसून टाका. अनेक मशिन वापरणाऱ्यांनी ‘एक्सपोर्ट पेट लिस्ट’ने यादी जपून ठेवावी, दुसरीकडे ‘इम्पोर्ट’ने तीच मंडळी नावांसकट परत येतात.

यादीत कुत्रे आहेत, त्यात जपानी अकिताही आहे, पण आपला लातूरकडचा कारवानी नाही. पिक्सेल आर्ट येत असेल तर तो घालणं अवघड नाही. बसणं, चालणं, धावणं, हात हलवणं आणि चेंडू तोंडात धरणं, अशा क्रियांच्या, सेकंदाला आठ फ्रेमच्या जिफ फाइली लागतात. सगळ्या उजवीकडे तोंड केलेल्या. डावीकडे वळताना एक्स्टेंशन चित्र आपोआप आरशासारखं उलटवतं. कडेला रिकामी जागा सोडू नका, नाहीतर प्राणी भिंतीला टेकायच्या आधीच वळतो. जिफमध्ये पिक्सेल एकतर पारदर्शक असतो किंवा नसतो, अर्धवट पारदर्शकता नसते, म्हणून कडा मऊ केल्या की एडिटरच्या गडद रंगसंगतीवर प्राण्याभोवती पांढरी झालर दिसते. कडा टोकदारच ठेवा, आणि पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) पाठवण्याआधी फिकट आणि गडद अशा दोन्ही रंगसंगतींवर, चारही आकारांत चालवून बघा.