दोन बीनबॅगा आणि शिफ्टिंगवाले : साडेतीन स्टार, तेही पोरांमुळे

नागपुरातल्या महाल भागातलं भाड्याचं घर सोडून मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलो, तेही मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागायच्या २ दिवस आधी. शहाणा माणूस तेव्हा दुपारी दूध आणायलाही निघत नाही, पण घरमालकाला महिनाअखेर चावी पाहिजे होती म्हणजे पाहिजेच होती. ऑनलाइन बघून एक पॅकर्स-मूव्हर्स ठरवले. नाव लिहीत नाही, कारण सामान उचलणारी पोरं एक नंबर होती आणि सगळी बोंब ऑफिसची होती, उगाच त्या पोरांवर यायला नको.

पलंग, कपाट, फ्रिज, कूलर हे सगळं बरोबर गेलं, कूलर तर असा नेला जसं नवरदेवाला घोड्यावरून नेऊन राहिले. रडगाणं आहे ते आमच्या दोन बीनबॅगांचं. एक ट्रिपल एक्सएल, रेक्झिनची, आत थर्माकोलचे दाणे. दुसरी भावानी घेतलेली अवाढव्य, ६ फुटाची, आत फोमचे तुकडे, तिच्यावर तीन माणसं आरामात झोपतात आणि वजनाला गाढवासारखी जड. फोनवर सर्व्हे केला त्या मॅडमनी विचारलं, "सोफा आहे का?" म्हटलं नाही, दोन बीनबॅगा आहेत, पण लय मोठ्या आहेत. "हो हो, बॅगमध्ये धरते." तिनी बॅग म्हणजे बॅग लिहून घेतली!

मग सकाळी ७ ला छोटा हत्ती दारात, आणि सुपरवायझर भाऊ वर येऊन बघतात तर अर्धी खोली बीनबॅगांनीच भरलेली. लगेच फोनाफोनी, आणि ७,५०० च्या कोटेशनवर १,२०० "ओव्हरसाइज"चे. मी म्हटलं भाऊ, दाण्याची बॅग मी एका हातानी उचलते, त्यात सगळी हवाच आहे. तर म्हणे ताई, गाडीत जागा जाते ना. हे मला पटलं, खोटं कशाला बोलू, शिफ्टिंगमध्ये वजनापेक्षा आकारमानच खातं. पण मग सर्व्हेतच लांबी-रुंदी विचारा ना, सामान जिन्यात आल्यावर काऊन विचारता? शेवटी ६०० वर तुटलं.

खरी गंमत पुढं. सुपरवायझरनी डोकं लावलं की दाण्याची बॅग रिकामी करू आणि फोमच्या बॅगला प्लास्टिक फिल्म गच्च गुंडाळू. बरोब्बर उलटं! थर्माकोलचे दाणे पोत्यात भरले तरी जागा तेवढीच घेतात, एका बॅगच्या चार पोती झाल्या एवढंच. तिची चेन बिनहँडलची असते, लहान पोरांनी उघडून दाणे नाकातोंडात घालू नये म्हणून, आईच्या सेफ्टी पिननी कशीबशी उघडली. आमच्याकडची मे मधली कोरडी हवा, तिच्यात दाण्यांना स्टॅटिक करंट चढतो, झटकले की जास्त चिकटतात, हाताला, केसांना, आईच्या साडीला. आणि एवढ्यात एका पोट्ट्याला गरमी झाली म्हणून त्यानी कूलर लावला.

पुढचं सांगत नाही. बर्फ पडला नागपुरात, बस. आई देवघराच्या दारात उभी राहून "अबे बंद कर, बंद कर" ओरडत होती आणि त्याला स्विच सापडत नव्हता. ओल्या फडक्यानी टिपले की ऐकतात हे नंतर कळलं, झाडूनी नुसते पुढे पळतात.

फोमची बॅग फिल्म मारून ढोलासारखी टणक केली, हवा आतच, आणि जिन्याच्या वळणावर अडकली, ना वर ना खाली. तिथं त्यातल्या एका पोराचं डोकं चाललं. त्यानी फिल्म कापली, चेन चार बोटं उघडली आणि सरळ बॅगवर जाऊन बसला, दुसराही बसला, सूंऽऽ करत हवा निघाली, मग चादरीसारखी गुंडाळून नायलॉनच्या दोरीनी बांधली. अर्ध्याहून कमी झाली हो! पाच मिनिटांत खाली. नव्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही उभी मावली. हा पोरगा नसता तर ती बॅग आजही महालातल्या त्या जिन्यात असती आणि घरमालक तिच्यावर बसून डिपॉझिट मोजत असता.

तर तुमच्याकडे अशी काही असेल तर दाण्याची उघडूच नका, जुन्या चादरीत बांधून सगळ्यात शेवटी सामानाच्या वर टाका, खाली दाबली तर दाणे चपटे होतात आणि परत फुगत नाहीत. फोमची दाबून न्या, पण पोचल्या दिवशीच सोडा, आमची ३ दिवसांनी पूर्ववत झाली, मध्ये मध्ये थापटावं लागलं.

नुकसान म्हणाल तर किलोभर दाणे नवीन आणून भरले. ऑफिसला फोन केला तर "दाण्यांचा इन्शुरन्स नसतो मॅडम." बरं. फिल्म कापणाऱ्या पोराला मी वेगळे २०० दिले, सुपरवायझरला चहा पाजला.

परवा कूलरची टाकी धुवायला काढली, पाण्यावर वीस-पंचवीस पांढरे दाणे तरंगत होते.