फायबर जायरोसोबत अकरा महिने: सुख आहे, पण डोळे मिटून नाही

आमच्या सर्वेक्षण जहाजावरची जुनी रिंग लेझरची इनर्शियल यंत्रणा (बाहेरच्या सिग्नलशिवाय, जहाजाची स्वतःची हालचाल मोजून स्थिती आणि दिशा सांगणारी) काढून फायबर ऑप्टिक जायरोचे, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने वळण मोजणाऱ्या यंत्राचे, दोन संच बसवले, त्याला आता अकरा महिने झाले. याच कुळातली यंत्रं युद्धनौका आणि पाणबुड्यांवरही बसतात. तिथली मंडळी त्यांच्याबद्दल उघडपणे लिहिणार नाहीत, म्हणून आमचा अनुभव मांडतो. मी ब्रिजवरचा, म्हणजे जहाज चालवणारा माणूस आहे, दुरुस्ती करणारा नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. रिंग लेझरमध्ये आरशांच्या बंद वाटेवर दोन किरण उलटसुलट दिशांनी फिरतात. फिरण्याचा वेग अगदी मंद असला की ते एकमेकांना चिकटतात आणि यंत्राला वळण कळेनासं होतं. म्हणून आतला ठोकळा सतत थरथरवत ठेवतात. ती गुणगुण खोलीच्या दारातूनच ऐकू यायची, आणि सूर जरा बदलला की आमचे इलेक्ट्रिकल ऑफिसर हातातलं काम टाकून आत जायचे. नव्या डब्यात हलणारं काहीच नाही. वेटोळं केलेल्या लांबलचक फायबरमधून प्रकाश दोन्ही बाजूंनी जातो, बस. तत्त्व दोन्हीकडे एकच, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ सान्याकने १९१३ साली दाखवलेलं: यंत्र वळलं की दोन किरणांच्या प्रवासात फरक पडतो. पण आता यंत्राची तब्येत फक्त स्क्रीनवरच्या आकड्यावरून कळते, आणि ‘माझी चूक इतकी असेल’ हा आकडा यंत्राने स्वतःच स्वतःबद्दल काढलेला अंदाज असतो. हे डोक्यात बसायला मला तीन महिने लागले.

हेडिंगबद्दल, म्हणजे जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्याबद्दल, तक्रार नाही. फिरत्या चाकाच्या जायरो कंपासला स्थिरावायला काही तास द्यावे लागायचे, इथे काही मिनिटांत कामचलाऊ उत्तर दिशा मिळते. कामचलाऊ हा शब्द मुद्दाम वापरतोय. यंत्र उत्तर दिशा शोधतं ते पृथ्वीच्या फिरण्यावरून, म्हणजे ताशी साधारण १५ अंशांवरून, आणि त्यातला आडवा भागच उपयोगी पडतो. ६० अक्षांशावर तो निम्मा होतो, त्यामुळे तिथे थांबावंही जास्त लागतं. बंदराचा धक्का सुटल्यावर दोन-चार मोठी वळणं घेतली की फिल्टरला, म्हणजे सगळी मापं जुळवून अंदाज काढणाऱ्या गणिताला, चुका वेगळ्या काढता येतात. पुस्तिकेत हे एका ओळीत उरकलंय, प्रत्यक्षात फरक मोठा पडतो.

दुसऱ्या महिन्यात उपग्रहाचा सिग्नल आणि स्पीड लॉग (जहाजाचा वेग मोजणारं उपकरण) दोन्ही तोडून चाचणी घेतली. जीपीएस बाजूला फक्त ताडून बघायला चालू होतं. फरक वाढत गेला, चाळीसेक मिनिटांनी चांगलाच दिसायला लागला आणि मी यंत्राच्या कंपनीला फोन लावला. समोरून उत्तर आलं, ‘अजून तेवढाच वेळ थांबा.’ थांबलो. फरक आपसूक आटला, थोडासा मागे उरला आणि पुन्हा वाढू लागला. हाच तो शुलरचा झोका, म्हणजे अशा यंत्रणेच्या चुकीचं वाढणं-आटणं, ८४.४ मिनिटांचं. वर्गात पाठ केला होता, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिला. तो झोका दाबायला बाहेरून वेग द्यावा लागतो, आणि तिथेच खरी मेख आहे.

आमचा लॉग पाण्यातला वेग मोजतो, जमिनीवरचा नाही. जीपीएस असेपर्यंत फिल्टर प्रवाहाचा अंदाज बांधत राहतो. सिग्नल गेला की शेवटचा अंदाज धरून चालतो. एका चाचणीत आम्ही मधेच वेगळ्या प्रवाहात शिरलो आणि स्थिती हळूहळू, अगदी सभ्यपणे, चुकीच्या बाजूला सरकत गेली. साधं गणित करा: अर्धा नॉट (ताशी अर्धा सागरी मैल) प्रवाह आणि सहा तास म्हणजे ३ सागरी मैल. जायरो कितीही चांगला असो, ही चूक त्याच्या हातात नाही. भरीला तळावर शेवाळ-कालवं साठल्यावर लॉगही कमी दाखवायला लागला होता. जायरोवर एवढा खर्च केला आणि लॉग तोच जुना ठेवला, हे आमचंच चुकलं.

बसवणाऱ्यांनीही एक घोळ घातला. जीपीएसचा अँटेना मध्यरेषेच्या उजवीकडे ६ मीटर, नोंद झाली डावीकडे. डावी बाजू धक्क्याला लावली की स्थिती एकीकडे, उजवी लावली की दुसरीकडे, प्रत्येक वेळी चूक १२ मीटरची. दोन आठवडे आम्ही जीपीएसलाच नावं ठेवत होतो. शेवटी एका पोरसवदा कॅडेटने फीत घेऊन डेकवर माप काढलं आणि उणे-अधिकची चूक सापडली. यंत्रणा ताब्यात घेताना ही मापं स्वतः मोजा, कागदावर विसंबू नका.

इतकं करून हे यंत्र हवंच का? हवंच. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रात पाण्यावर असलेल्या जहाजांचे जीपीएस रिसीव्हर त्यांना जमिनीवरच्या विमानतळावर दाखवत होते. तसली मोठी उडी आमचा फिल्टर झटकून टाकतो. खोटा सिग्नल गोगलगायीच्या चालीने सरकवला तर मात्र तो गिळेल, म्हणून एक संच आम्ही जीपीएसपासून तोडून ठेवतो आणि दोघांतला फरक दर तासाला वहीत लिहितो. पाणबुडीला पाण्याखाली जीपीएसशी ताडून बघायची ही चैन नसते. नॉटिलस ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुव ओलांडून गेली, तेव्हाही तिच्यावर इनर्शियल यंत्रणाच होती, फिरत्या चाकांची.

जुन्या रिपीटरांना (जहाजावर इतरत्र दिशा दाखवणाऱ्या तबकड्यांना) सिंक्रो हा जुन्या पद्धतीचा विजेचा सिग्नल लागतो, नवा संच बोलतो नेटवर्कवर. मधल्या कन्व्हर्टरने आतापर्यंत दोनदा दगा दिलाय, जायरोने एकदाही नाही. शिवाय दोषांच्या नोंदींची फाइल फक्त कंपनीच्या तंत्रज्ञालाच उघडता येते, हा प्रकार मला मुळीच पटलेला नाही.

पुढच्या ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढल्यावर, जहाजाचा तळ साफ होईल आणि समुद्रतळावरून वेग मोजणारा डॉप्लर लॉग बसेल. खोल पाण्यात त्याला तळ सापडणार नाही, तिथे पुन्हा प्रवाहाशीच गाठ. वही तोवर चालू आहे.