मुलाखत झाली, नियुक्तिपत्र आले, पैसे गेले

रासायनिक उद्योगातील एका मोठ्या कंपनीच्या नावाने खेड, चिपळूण आणि गुहागर तालुक्यांतील डिप्लोमाधारक मुलामुलींना नोकरीच्या मुलाखतीचे बनावट फोन येत आहेत. अशाच एका मुलाखतीतून माझे २६,४५० रुपये गेले, म्हणून सर्व प्रकार सविस्तर लिहीत आहे.

त्या कंपनीची खरी मुलाखत मी आधी दिली होती. लेखी चाचणी झाली, तांत्रिक फेरी झाली, मनुष्यबळ विभागाशी बोलणे झाले आणि नंतर काहीही कळले नाही. निवड झाली नसेल तर तसे कळवावे, एवढेही तिथे कोणी करत नाही. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत माझ्यासोबत कंत्राटावर काम करणाऱ्या इतरांनाही असाच अनुभव आला आहे. ठगांना नेमके हेच उपयोगी पडते. "तुमचे नाव राखीव यादीत होते, आता जागा निघाली आहे," असे कोणी सांगितले की वाट पाहणाऱ्या उमेदवाराला ते अगदी संभवनीय वाटते, आणि कोणत्या फेरीपर्यंत पोहोचलात, हे बोलता बोलता त्याच्याकडूनच काढून घेता येते.

या ठगांनी व्हिडिओ कॉलवर घेतलेली माझी मुलाखत पाऊण तास चालली. हीट एक्स्चेंजरमध्ये थर साचल्यास काय होते, पंपाला कॅव्हिटेशन का होते, वर्क परमिटवर कोणाकोणाच्या सह्या लागतात, असे रीतसर प्रश्न विचारले गेले आणि माझे एक उत्तर त्यांनी दुरुस्तही केले. म्हणजे हे लोक कारखान्याच्या कामाची माहिती असलेले आहेत; प्रश्न बरोबर विचारले, एवढ्यावरून कोणालाही खरे मानता येत नाही. नंतर आलेल्या नियुक्तिपत्रावर कंपनीचे बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक होता. तो क्रमांक खराच होता, कारण कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो कोणालाही पाहता येतो. ई-मेलच्या पत्त्यात मात्र कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ देऊन 'करिअर्स' हा शब्द जोडलेला होता.

कागदपत्र पडताळणीसाठी १,९५० रुपये, वैद्यकीय तपासणीसाठी ६,५०० आणि निवासाची अनामत म्हणून १८,००० रुपये त्यांनी मागितले. सर्व रक्कम पहिल्या पगारात परत मिळणार होती. तिन्ही वेळा पैसे कंपनीच्या नव्हे, तर व्यक्तींच्या नावावरील खात्यांत गेले.

रुजू होण्याच्या दिवशी प्रकल्पाच्या गेटवर टाइम ऑफिसमधील, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कार्यालयातील, गृहस्थांनी पत्र पाहताच सांगितले की, अशी पत्रे घेऊन आलेली मुले त्यांनी यापूर्वीही परत पाठवली आहेत. कंपनीला हे माहीत असताना गेटवर मराठीत एक ठळक सूचना का लागत नाही, हा माझा प्रश्न आहे. 'आम्ही कोणतेही शुल्क घेत नाही' ही ओळ त्यांच्या संकेतस्थळाच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत आहे.

मी गेटवरूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. शेवटची रक्कम खात्यातच गोठवता आली. आधीच्या दोन्ही पुढे वळवल्या गेल्या होत्या. नंतर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड यांखाली गुन्हा नोंदवला गेला. आधार आणि पॅनच्या प्रतीही त्यांच्याकडे गेल्या असल्याने मी आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आणि माझ्या नावावर कोणी कर्ज घेतले आहे का, हे पाहण्यासाठी क्रेडिट अहवाल तपासत आहे.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांनी संभाषणाचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवावेत, कारण माझ्याशी झालेले निरोप त्यांनी दोन्हीकडून पुसून टाकले. तक्रारीत उपयोगी पडला तो बँकेकडील प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र संदर्भ क्रमांक. ज्यांच्या हाती नुसते पत्र आले आहे त्यांनी त्यावरील संदर्भ क्रमांक प्रकल्पाच्या टाइम ऑफिसला फोन करून विचारावा, आणि त्यासाठीचा नंबर पत्रावरून न घेता कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरून घ्यावा.